जिल्ह्याच्या सैनिक स्मारकाआधी नावांची वही : रायगड जिल्हा परिषदेस आणि सर्व सरपंचांस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, उपाध्यक्ष व सदस्य, रायगड जिल्हा परिषद, अलिबाग,
तसेच जिल्ह्यातील पंधराही तालुक्यांतील ग्रामपंचायतींचे सरपंच व सदस्य यांस,

विषय : सैनिकांच्या जिल्हा स्मारकावर नावे असावीत आणि ती आधी गावनिहाय गोळा व्हावीत, याबाबत.

सप्रेम नमस्कार.

आपल्या जिल्ह्यातून लढाईवर गेलेल्यांचे एक मोठे स्मारक व्हावे, ही मागणी माजी सैनिकांच्या बैठकांतून मी बरीच वर्षे ऐकत आलो आहे. मागणी रास्त आहे आणि माझा तिला पाठिंबा आहे. मात्र बैठकीत बोलणे पुढे सरकले की ते जागेवर जाते, जागेवरून चौथऱ्यावर, चौथऱ्यावरून निकामी झालेला रणगाडा किंवा तोफ मिळवण्यावर आणि शेवटी उद्घाटनाला कोणाला बोलवावे यावर. स्मारकावर लिहायचे काय, हा प्रश्न कोणी काढलाच तर “ते नंतर बघू” असे उत्तर मिळते. हे पत्र त्या “नंतर”विषयी आहे.

माझ्या आजोळच्या गावात मारुतीच्या देवळामागे जुन्या चावडीची एक भिंत अजून उभी आहे. तिच्यात हातभर लांबीचा एक संगमरवरी दगड बसवलेला आहे. लहानपणी आम्ही त्याला ‘साहेबाचा दगड’ म्हणत असू. भिंतीला दरवर्षी चुना लागायचा, तेव्हा दगडालाही लागायचा आणि त्यावरची अक्षरे थराखाली बुजत गेली. निवृत्त झाल्यावर एका मे महिन्यात मी तो ओल्या काथ्याने घासून काढला. चुन्याची पापुद्री निघू लागली तसा आधी एक आकडा वर आला, मग दुसरा. या गावातून २३ माणसे १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेली आणि त्यांपैकी चौघांनी प्राण दिले, एवढाच मजकूर त्या दगडावर आहे. तोही इंग्रजीत आहे, म्हणजे ज्यांच्या घरातली माणसे गेली त्यांच्यापैकी कोणाला तो वाचता येण्याचा प्रश्नच नव्हता. एकही नाव नाही. तेवीस कोण आणि चार कोण, हे दगडाला ठाऊक नाही, आणि आता गावालाही फारसे ठाऊक राहिलेले नाही.

असे दगड सरकारने पहिल्या महायुद्धानंतर हिंदुस्थानभर गावोगावी लावले. गेले किती आणि मेले किती, एवढाच त्यांचा साचा. साताऱ्याजवळचे अपशिंगे हे ‘मिलिटरी’ गाव सर्वांना ठाऊक आहे. तिथल्या ४६ जणांनी त्या युद्धात जीव गमावला आणि तो आकडा आज अभिमानाने सांगितला जातो. मला मात्र त्या आकड्याची अडचण वाटते. कोऱ्या दगडापेक्षा आकडा बरा, हे मान्य. पण आकड्याला आई-बाप नसतात, घर नसते आणि त्याच्यापुढे उभे राहून कोणाला आपला माणूस शोधता येत नाही.

नावे लिहिण्याची रीतच त्या काळी नव्हती, असेही नाही. कोरेगाव भीमा येथील जयस्तंभाची पायाभरणी १८२१ साली झाली आणि त्यावर पडलेल्या साध्या शिपायांची नावे कोरली गेली. त्यांतली ‘नाक’ या प्रत्ययाने संपणारी नावे आजही लोक बोट ठेवून वाचतात, आणि तो स्तंभ एवढ्या लोकांना आपला वाटतो त्याला ती नावेही कारण आहेत. पुढे शंभर वर्षांनी इंग्रज सरकारने लाखोंनी माणसे समुद्रापार पाठवली तेव्हा गावच्या दगडावर फक्त बेरीज उरली.

परदेशातली गोष्ट याहून विचित्र आहे. ब्रिटिश साम्राज्यातल्या युद्धमृतांसाठी १९१७ साली स्थापन झालेल्या युद्धसमाधी आयोगाने हुद्दा, वंश वा धर्म न पाहता प्रत्येक मृताचे नाव जपायचे, असे तत्त्व ठरवले. फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेल येथे १९२७ साली उभारलेल्या हिंदी सैनिकांच्या स्मारकावर ४,७०० हून अधिक नावे आहेत, म्हणजे तिथे ते तत्त्व पाळले गेले. बसऱ्याच्या स्मारकावर मात्र हिंदी अधिकाऱ्यांचीच नावे कोरली गेली. शिपाई, नाईक, हवालदार यांची पलटणवार नुसती संख्या दगडावर आली आणि नावे वहीत राहिली. आपल्या भागातली माणसे प्रामुख्याने गेली ती फ्रान्सला नव्हे, बसऱ्याला. २०२१ च्या एप्रिलमध्ये आयोगाच्याच चौकशी समितीने कबूल केले की ४५,००० ते ५४,००० मृतांची आठवण असमान रीतीने जपली गेली आणि आणखी किमान १,१६,००० जण नावाने नोंदलेच गेले नाहीत. यांत हिंदी आणि आफ्रिकी माणसांचा भरणा मोठा आहे. आयोगाने माफी मागितली आणि ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनीही संसदेत माफी मागितली. ती वाचताना मला आजोळचा दगड आठवला, आणि आपणही तीच चूक पुढे चालवत आहोत असे वाटले. फरक एवढाच, की आपल्याकडे माफी मागायला कोणी नाही आणि मागून घ्यायलाही नाही.

आमचा एक चुलत आजोबा मेसोपोटेमियातून, म्हणजे आजच्या इराकमधून, परत आला होता. तो कुत-अल-अमाराच्या वेढ्यात होता की वेढा फोडायला गेलेल्या फौजेत, हे मला कधी कळले नाही, कारण तो त्याविषयी बोलत नसे. कुतमध्ये अडकलेल्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. १४७ दिवस वेढा पडला, अन्न संपले, घोडे मारून खाण्याची वेळ आली आणि हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी धर्मापायी ते मांस बराच काळ नाकारले. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० माणसे शरण गेली आणि त्यानंतरच्या वाळवंटातल्या चालीत नि कैदेत त्यांपैकी पुष्कळजण मेली. आमचा आजोबा जगला, भातशेती केली, पेन्शन आणायला चालत तालुक्याला जात राहिला आणि मरेपर्यंत त्याने खजुराला हात लावला नाही. रमजानच्या दिवसांत शेजारच्या मोहल्ल्यातून ताटली आली की तो उठून पडवीत जाऊन बसे. आकड्यांच्या हिशेबात तो ‘गेलेल्या’ तेवीसांपैकी एक आहे, मेलेल्या चौघांपैकी नाही. म्हणजे दगडाच्या लेखी त्याची एवढीच नोंद आहे की बेरजेत तो एकाने वाढतो. स्मारके मेलेल्यांसाठीच असतात असा समज आहे. परत आलेले एकोणीस जणही ते युद्ध घरी घेऊन आले होते, आणि जिल्ह्याच्या स्मारकात त्यांना जागा असावी असे मला ठामपणे वाटते.

इथे एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो खोटा नाही. ही माणसे इंग्रजांसाठी लढली. ज्या जिल्ह्यात चिरनेरचा जंगल सत्याग्रह झाला, जिथे २५ सप्टेंबर १९३० रोजी आपल्याच माणसांवर गोळ्या चालल्या, तिथे साम्राज्याच्या शिपायांचे स्मारक कशाला, असे विचारले जाते. माझे उत्तर असे आहे, की हुतात्मा स्मारके आपल्याकडे आहेत, ती आपल्या जागी आहेत आणि त्यांच्याशी या नावांची बरोबरी कोणी करू नये. पण महिना ११ रुपये पगारावर पलटणीत गेलेला माणूस कोणत्या घरातून गेला हेही पाहावे. खोताच्या जमिनीवर राबणारे कूळ, धाकटा मुलगा, पावसाळ्यानंतर हाताला काम नाही, मुंबईची गिरणी किंवा पलटण एवढ्याच दोन वाटा. त्याने साम्राज्याचा विचार केला असेल असे मला वाटत नाही. त्याचे नाव लिहिणे म्हणजे साम्राज्याची आरती नव्हे. उलट साम्राज्याने ज्याला संख्येत घातले त्याला आपण संख्येतून बाहेर काढतो.

आणि पलटणीची वाटही सर्वांना उघडी नव्हती. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर स्वतः लष्करातून निवृत्त झालेले. महारांची भरती सरकारने बंद केली तेव्हा १८९४ साली त्यांनी तिच्याविरुद्ध विनंतीपत्र तयार केले. युद्धाने माणसे कमी पडू लागली तशी १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी राहिली आणि गरज संपताच १९२१ मध्ये मोडली गेली. महार रेजिमेंट पुन्हा उभी राहायला १९४१ उजाडले. जिल्ह्याच्या स्मारकावर मराठा पलटणींचीच नावे आली तर ते अर्धे स्मारक होईल. ज्यांना घेतले, काढले आणि पुन्हा बोलावले, त्यांच्या वाड्यांत ही वही आधी फिरायला हवी.

दुसरे अर्धे समुद्रात आहे. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, उरण इथल्या घरांतली माणसे, हिंदू कोळी-भंडारी आणि कोकणी मुसलमान दोन्ही, बोटीवर खलाशी म्हणून गेली. कोणी आगवाला झाला, कोणी सुकाणी. दोन्ही महायुद्धांत पाणतीरांनी बुडालेल्या बोटींबरोबर ती गेली. त्यांना गणवेश नव्हता म्हणून गावच्या यादीत ती येत नाहीत. मुंबईत मस्जिद बंदराजवळच्या खलाशांच्या वसतिगृहात पहिल्या महायुद्धातल्या २,००० हून अधिक खलाशांचे स्मारक आहे, ज्यांना समुद्राखेरीज दुसरी कबर नाही. आपल्या जिल्ह्यातून तिथे जायला अर्धा दिवस पुरतो. जिल्हा परिषदेने दोन माणसे पाठवून तिथली नावे उतरवून आणली, तर किनाऱ्यावरच्या कित्येक घरांतले ‘आजोबा बोटीवरून आलेच नाहीत’ हे वाक्य पुरे होऊ शकेल.

एका नावाच्या बाबतीत आपण चांगले वागलो आहोत, हेही सांगितले पाहिजे. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची ३ री बटालियन. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज सर्वजण मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे धावून गेले, हातबॉम्ब टाकून मशीनगन बंद पाडली, तिच्यावरचा एकजण गोळीने टिपला. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना मारले. लगेच शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपले. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर सापडत नाही. नाव इटलीतल्या कॅसिनो स्मारकावर आहे. माणगावात तहसील कचेरीजवळ त्यांचा पुतळा आहे, आणि २०२३ च्या जुलैत इटलीतल्या मोंतोने या गावाने त्यांच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभारले, ज्यावर आपण सारे एकाच सूर्याखाली आहोत अशा अर्थाचे लॅटिन शब्द आहेत. परक्या गावाला आपल्या तालुक्यातल्या माणसाची आठवण धरावीशी वाटली, कारण त्याला नाव होते. पण त्या दिवशी त्यांच्या सेक्शनमध्ये जे इतर पडले, ते कोणत्या तालुक्यांतले होते? शौर्यपदक मिळालेल्याचे नाव आपोआप राहते. स्मारकाची खरी गरज बाकीच्यांना असते.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये ‘मेरी माटी मेरा देश’ या मोहिमेत गावोगावी शिलाफलक बसले आणि त्यांवर गावच्या वीरांची नावे लिहायची होती. ही संधी मोठी होती. मी पाहिलेल्या फलकांपैकी काहींवर नावे व्यवस्थित आहेत, अगदी हुद्द्यासह. काहींवर स्वातंत्र्यानंतरच्या युद्धांतली एक-दोन नावे आहेत, जी कोणालाही पाठ असतात. आणि एका गावात, ज्याचे नाव मी लिहीत नाही, नवा फलक लावण्यासाठी कट्टा बांधताना जुना इंग्रजी दगड उखडून पायरीला लावला. कट्टा बांधणाऱ्याला दोष देत नाही. दगडावर नाव नव्हते. कोणाच्या घरचा आहे हे कळले असते तर त्यावर कोणी पाय दिला नसता.

म्हणून माझी मागणी क्रमाविषयी आहे. स्मारकाच्या आराखड्याआधी नावांची वही व्हावी. प्रत्येक ग्रामपंचायतीने एक वही घ्यावी, ग्रामसभेत ती वाचून दाखवावी, हरकती घ्याव्यात आणि मग ती तालुक्याला जावी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे स्वातंत्र्यानंतरच्या सैनिकांची माहिती असते, त्यामुळे १९४७ नंतरचे काम तुलनेने सोपे आहे. अडचण त्याआधीच्या दोन युद्धांची आहे आणि तिथे शाळामास्तरी करून जे हाती लागले ते इथे लिहून ठेवतो.

युद्धसमाधी आयोगाच्या नोंदी आता कोणालाही संगणकावर पाहता येतात. त्यांत पुष्कळदा बापाचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा असतो, तर काही नोंदींत नुसता नंबर व पलटण. पण ‘रायगड’ असे शोधाल तर हाती काही लागणार नाही, कारण १ जानेवारी १९८१ पूर्वी हा कुलाबा जिल्हा होता. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा हे तेव्हा जंजिरा संस्थानात होते, त्यामुळे तिथला माणूस कुलाब्यात सापडत नाही. सुधागड भोर संस्थानात होता, म्हणजे पालीकडचा शिपाई ‘भोर’ या नावाखाली शोधावा लागतो. पोलादपूरची गावे महाडात शोधावीत. नावांचे हिज्जे तर गोऱ्या कारकुनाने कानाला आले तसे लिहिलेले; भिवा कधी बिवा होतो, धोंडू दोंडू होतो आणि आडनाव गावाच्या जागी किंवा गाव आडनावाच्या जागी जाते. हे काम मुंबई-पुण्याच्या कंत्राटदाराला जमणार नाही. ज्याला वाडीचे नाव आणि भावकी ठाऊक आहे त्यालाच हे वाचता येईल.

दुसरे साधन घराघरांत आहे. पहिल्या महायुद्धातल्या चांदीच्या पदकाच्या कडेवर सैनिकाचे नाव, नंबर आणि पलटण ठोकलेली असते. मेलेल्याच्या घरी काशाची एक मोठी तबकडी आली असेल तर तिच्यावर त्याचे नाव उठावाने असते. आमच्या आजोबाचे पदक आजीने सोनाराकडे देऊन त्याची जोडवी करून घेतली. तिला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही; दुष्काळी साल होते आणि चांदी ती चांदी. पण ज्या घरांत पेटीच्या तळाशी असा बिल्ला अजून असेल, त्यांनी तो मोडण्याआधी निदान कडेचा फोटो ग्रामपंचायतीत द्यावा, एवढी दवंडी सरपंचांनी पिटावी. ज्यांच्याकडे पेन्शनची जुनी पुस्तके किंवा मनिऑर्डरच्या पावत्या आहेत त्यांनाही हेच सांगावे.

पंजाबातल्या सुमारे ३,२०,००० सैनिकांच्या गावनिहाय नोंदी लाहोरच्या संग्रहालयात शंभर वर्षे पडून होत्या आणि त्या २०२१ पासून लोकांना पाहण्यासाठी खुल्या होऊ लागल्या. तिथे परदेशात राहणारी नातवंडे आपल्या पणजोबाचे गाव शोधू लागली. आपल्याकडे असे तयार बाड हाती नाही, म्हणून ते आपल्यालाच बांधावे लागेल. आणि माहिती असलेली माणसे आता नव्वदीत आहेत. पुढच्या आर्थिक वर्षात चौथऱ्याची निविदा काढता येईल, पण तोवर ती माणसे थांबतील याचा भरवसा नाही.

स्मारक कुठे व्हावे, अलिबागला की माणगावला, हा वाद मी घालणार नाही. माझ्या समजुतीने जिल्ह्याच्या ठिकाणी एक साधी भिंत पुरे, तालुकावार आणि गाववार नावांची, पुढे जागा मोकळी ठेवलेली, कारण नावे सापडत राहणार. रणगाडा नसला तरी चालेल. नवीन सापडलेले नाव दरवर्षी ७ डिसेंबरला, ध्वजदिनी, कोरले जावे. आणि प्रत्येक गावातला जुना दगड आहे तिथेच राहावा, त्याचा चुना काढावा, आणि त्याच्याखाली मराठीत नावांची पाटी लागावी.

माझ्या आजोळच्या दगडाच्या वहीची प्रत या पत्रासोबत आपल्या कार्यालयात देत आहे. तेवीसांपैकी अकरा नावे आजवर मिळाली, त्यांपैकी तीन मृतांची, पलटण आणि नंबरासह पक्की. चौथ्या मृताच्या जागी गावातली दोन घरे आपापला माणूस सांगतात. एकाकडे अर्धवट फाटलेले पाकीट आहे, दुसऱ्याकडे म्हातारीचे बोलणे. मी दोन्ही घरांत जाऊन बसलो, चहा घेतला, आणि पुरावा मिळेपर्यंत पाटीवर चौथी ओळ रिकामी ठेवावी, असे दोघांकडून लिहून घेतले आहे. तो कागदही वहीत लावला आहे. कृपया तो गहाळ होऊ देऊ नये.

आपला नम्र,
एक निवृत्त माध्यमिक शिक्षक,
तालुका माणगाव, जिल्हा रायगड